साडेअकरापर्यंतची ताई

आमच्या अमरावतीच्या वधू-वर मंडळात लग्न जुळलं की नाव उडवायचा कार्यक्रम असतो. पेढे येतात, नारळ येतो, मुलाची नाहीतर मुलीची आई ठेवणीतलं लुगडं नेसून येते, अन् संगणकाला हळद-कुंकू लागतं. हो, संगणकालाच. स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर दोन बोटं, कीबोर्डच्या डोक्यावर दोन बोटं. मग मंडळ चालवणाऱ्या काकू त्या आईचा हात धरून माउसवर ठेवतात अन् म्हणतात, "दाबा बाई. सुटलं तुमचं पोट्टं." आई बटण दाबते, यादीतून नाव जातं, सगळ्या टाळ्या वाजवतात. आधी वही होती तेव्हा नावावर रेघ मारायचे अन् पेनाला कुंकू लावायचे. वही गेली, कुंकू राहिलं.

ते बटण मी बनवलेलं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी बाकीच्यांवर बरंच तोंडसुख घेणार आहे.

मी अकोल्याला एका ऑफिसात डेटाबेस सांभाळते. म्हणजे लोकांची माहिती जिथं साठते त्या कोठाराची मी राखणदारीण. मंडळाचं काम मी फुकट करते. फुकट काम करणाऱ्याला एक खोड असते, तो उपदेश फार करतो. मीच काकूंच्या मागं लागून कागदाचे फॉर्म बंद करवले. "काकू, आता सगळं मशीनवर. कागद हरवतो, मशीन विसरत नाही." काकू निवृत्त हेडमास्तरीण, त्यांनी मान हलवली अन् म्हणाल्या, "मशीन इसरत नसंन. मानसं इसरतात न व." तेव्हा मला वाटलं, काकूंना तंत्रज्ञान कळत नाही.

आता ताईबद्दल. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, अंजनगाव सुर्जीजवळच्या एका गावात झेडपीच्या शाळेत शिकवते. आई गेली तेव्हा मी सातवीत होते. बाबांनी शेत बघितलं अन् ताईनं मला बघितलं. माझी दहावी, माझं इंजिनिअरिंग, माझं लग्न, सगळं तिच्या हातून पार पडलं. लग्नसुद्धा आधी माझं झालं, धाकटीचं. तिला स्थळं आली, फिरली, मग यायची बंद झाली. बाबाही गेले. त्रेचाळीस वर्षांची झाली ती. मी चार वर्षं तिच्या मागं होते, मंडळात नाव टाक, मंडळात नाव टाक. शेवटी ह्या वर्षी अकोल्याच्या परिचय मेळाव्याच्या आठ दिवस आधी ती एकदाची हो म्हणाली, ते पण दम देऊन.

"माह्या हातानं भरीन. तू बाजूले बसायचं नाई. अन् एकदाच भरीन. मंग काई झालं तं परत भरनार नाई, सांगून ठेवते."

माझी ताई बोललेलं फिरवत नाही. शाळेतली पोट्टी तिच्या एका भुवईला भितात.

बुधवारी तिनं रजा टाकली अन् सकाळीच अमरावतीला मंडळात गेली. त्याच दिवशी संध्याकाळी सहाला मेळाव्याची पुस्तिका छापायला जायची होती. पुस्तिकेत जो नाही, त्याला मेळाव्यात खुर्ची मिळते, स्थळ मिळत नाही. मी अकोल्यात ऑफिसात होते. साडेबाराला डबा उघडला अन् काकूंचा फोन आला.

"पोरी, जेवली का व?"

काकू असं विचारतात तेव्हा काहीतरी जळालेलं असतं.

"काय झालं काकू?"

"काई नाई. यादीतल्या साऱ्यायचं लग्न झालं."

झालं ते असं. धामणगाव रेल्वेच्या एक बाई मुलाचं नाव उडवायला आल्या होत्या. काकूंनी शोधायच्या चौकोनात मुलाचं नाव टाकलं, यादीत एकच ओळ उरली, इथपर्यंत बरोबर. मग कुंकू लावताना काकूंचा हात हलला अन् कीबोर्डवर चिमूटभर सांडलं. काकू स्वच्छतेच्या भोक्त्या. त्यांनी पदराचं टोक घेऊन कीबोर्ड खसाखसा पुसला. त्या पुसण्यात चौकोनातलं नाव खोडलं गेलं अन् यादीत परत सगळे साडेसहाशे जण येऊन बसले. माझं बटण आंधळं, यादीत जेवढे दिसतील तेवढे उडवतं. बाईंनी बटण दाबलं ते डोळे मिटून, गजाननाचं नाव घेत. काकूंची नजर मोबाईलच्या कॅमेऱ्यात, कारण प्रत्येक आईचा बटण दाबतानाचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर जातो.

मी म्हटलं, "अहो पण मशीननं विचारलं असेल ना, खात्री आहे का म्हणून!"

"विचारलं न. होय का नाई. बाई म्हने, काय दाबू? म्या म्हनलं, शुभ टायमाले नाई काहून म्हनता? होय म्हना!"

मी चार वर्षं शिकले, बारा वर्षं नोकरी केली, अन् वऱ्हाडात मंगल कार्यात 'नाही' म्हणत नाहीत एवढं साधं मला बटण बनवताना सुचलं नाही.

मग एकदम ताई आठवली. "काकू, ताईचं?"

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "तिनं सकाळी भरलं होतं व. लय इचार करू करू भरलं. इथंच हाये, मांगच्या खोलीत पेढे वाटून राहिली. तिले परत भरायले लावू का?"

"खबरदार! कशालाच हात लावू नका. मशीन बंद करू नका, चालू करू नका, पुसू तर अजिबातच नका. मी येते."

दर रविवारी मंडळाच्या सगळ्या माहितीची पूर्ण नक्कल, म्हणजे बॅकअप, मी माझ्याकडं अकोल्याला आणून ठेवते. ती हार्डडिस्क घरून उचलली, ओढणीत गुंडाळली अन् मिळाली ती गाडी धरली. बडनेऱ्यापर्यंत दारापाशी उभीच होते. बसायला जागा होती, पण बसवेना.

रविवारच्या नकलेत ताई नव्हती. ती त्यात शोधून सापडणार नव्हती, कारण तेव्हा तिनं भरलंच नव्हतं. ताई होती लॉगमध्ये. लॉग म्हणजे गल्लीतली ती म्हातारी, जी ओट्यावर बसून कोण कधी आलं, कोण गेलं, कोण काय घेऊन गेलं, सगळं ओळीनं सांगते. कोणी नाव टाकलं, कोणी खोडलं, कोणी बदललं, मशीन घडेल तसं लिहीत जातं, अन् दर अर्ध्या तासाला त्याची एक फाईल करून दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवतं. आधी रविवारची नक्कल परत बसवायची. मग तिच्यावर सोमवारपासूनच्या लॉगच्या फायली एकामागून एक चढवायच्या, क्रम न चुकवता, म्हणजे जे जसं घडलं ते तसं परत घडतं. अन् नेमकं त्या बाईंच्या बोटाच्या एक मिनिट आधी थांबायचं. मधली एक फाईल जरी हरवली तर पुढच्या सगळ्या मातीमोल.

मंडळात पोचले तर धामणगावच्या बाई अजून खुर्चीवर. मांडीवर पेढ्यांचा डबा, डोळ्याला पदर. "माह्या हातानं साडेसहाशे घरं बसली व माय," म्हणत होत्या. काकू त्यांना तिसरा चहा पाजत होत्या. मागच्या खोलीतून ताई आली.

"आली का डॉक्टरीन? पाह्य, पेशंट जिता हाये का."

"तुला कळलं?"

"साऱ्या अमरावतीले कळलं. गेलं तं गेलं व. बरंच झालं. मले तसंही कसंतरीच वाटून राहिलं होतं."

हसून म्हणाली. पण चेहरा नुकताच पाण्यानं धुतलेला होता. ताई दुपारी तोंड धूत नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी तिच्याकडं पाहिलंच नाही, सरळ मशीनपुढं बसले.

सगळ्यात आधी खबरदारी म्हणून लॉगची शेपटी काढून घेतली, म्हणजे शेवटच्या फाईलनंतर मशीननं जे लिहिलं होतं पण अजून बाजूला ठेवलं नव्हतं ते. मग रविवारची नक्कल बसवली. मग सोमवार सकाळ, चढली. दुपार, चढेना. सोमवारी दुपारच्या चार फायली जागेवर नव्हत्याच.

"काकू, इथल्या फायली कुठं गेल्या?"

काकू पेढ्याच्या डब्याकडं बघायला लागल्या. "त्या नं... पुस्तिकेचे फोटो मावून नोयते राहिले. म्या म्हनलं, ह्या बारीकसारीक फायली कोन पाह्यते?"

"उडवल्या?" माझा आवाज चढला.

"उडवीन कशाले! मी का भैताड हाये? पेनड्राइव्हमंधी ठेवल्या. अन् पेनड्राइव्ह हरपू नये म्हनून नीट ठेवला."

"कुठं?"

नीट म्हणजे कुंकवाच्या डब्यात. का, तर मंडळात तो डबा रोज हाताशी लागतो म्हणून. पेनड्राइव्ह निघाला तो नवरीसारखा लाल. मी तो फुंकला, ओढणीनं पुसला, परत फुंकला. धामणगावच्या बाईंनी त्याला हात जोडले. लागला. चार फायली निघाल्या, चारी चढल्या. मी काकूंकडं पाहिलं तर त्या माझ्याकडं असं पाहत होत्या की जणू त्यांच्यामुळंच वाचलं. एका अर्थी वाचलंही, कारण दुसऱ्या कोणी खरंच उडवल्या असत्या.

आता शहाणा माणूस असता तर त्यानं पुढच्या सगळ्या फायली ओळीनं चढवून शेवटीच झाकण उघडलं असतं. मी उतावळी. मशीनमध्ये एक सोय असते, दर फाईलनंतर यादी नुसती बघता येते, हात लावता येत नाही. मी बुधवारची दर फाईल चढवली की डोकावत होते, अन् काकू माझ्या खांद्यावरून. मजा काय सांगू! एका मुलाची उंची दहाला पाच फूट चार होती, साडेदहाला पाच फूट सहा. एका मुलीच्या बापानं स्वभावाच्या रकान्यात आधी 'तापट' लिहिलं होतं, अर्ध्या तासानं 'स्पष्टवक्ती'. एका नवरदेवाचं तीन एकर कोरडवाहू दहाला होतं, ते साडेदहाला ओलीत झालं.

"हे सारं मशीन लिवून ठेवते?" काकू घाबरल्या.

"सगळं."

"मंग माह्या भाच्याच्या वयाचं कोनाले सांगू नको बापा."

अकराची फाईल चढली. ताई नाही. साडेअकराची चढली, अन् ती तिथं होती. नाव, गाव, शाळा, त्रेचाळीस वर्षं, एका दिवसानंही कमी न केलेली. मी मोठ्यानं ओरडले, काकूंनी टाळी दिली. मी अपेक्षांचा रकाना उघडला. उघडायचं नव्हतं. वाचायचं तर मुळीच नव्हतं, तिनं मला बाजूला बसू दिलं नव्हतं ते ह्याचसाठी. पण वाचलं.

'माणूस बोलका असावा. जेवताना टीव्ही लावणारा नसावा. माझी स्कूटी आहे, ती मी चालवीन, मागे बसण्यात त्याला कमीपणा वाटू नये. वर्षातून एकदा सेमाडोहला जायचे आहे, वाघ दिसो न दिसो. मी वर्गात दिवसभर बोलते, संध्याकाळी कोणीतरी मला विचारावे की आज काय झाले.'

चौतीस वर्षं मी ह्या बाईबरोबर काढली आहेत. शेवटचं वाक्य मला माहीत नव्हतं. मी तिला कधी विचारलंच नव्हतं, आज काय झालं म्हणून. फोन करून माझंच सांगत बसायचे.

बाराची फाईल चढवली. परत डोकावले. ताई जागेवर होती. अपेक्षांच्या रकान्यात तीन शब्द होते. 'विशेष काही नाही.'

काकू म्हणाल्या, "हे मंगाशी लांब होतं न व?"

साडेअकरा ते बारा ह्या वेळात कोणीतरी पाच वाक्यं पुसून तीन शब्द ठेवले होते, अन् तो हात ताईचाच होता. का पुसलं, ते शोधायला मला लॉग लागला नाही. मी माझा मोबाईल काढला. केलेल्या फोनमध्ये पाहिलं. अकरा छत्तीस, ताई, चार मिनिटं.

त्या चार मिनिटांत मी काय बोलले ते जसंच्या तसं सांगते. "झालं का व भरून? लय अटी नको टाकू बरं! आता तुह्यासाठी ऑर्डर देऊन नवरा थोडीच बनवून भेटन. ह्या वयात जे येईन ते गोड मानून घ्या लागते." माझ्या बाजूच्या टेबलावरचे हसले, मग मी अजून रंगात आले. आमच्याकडं प्रेम असंच करतात, चिमटा काढून. ताईसुद्धा हसली होती. "बरं व माय," म्हणाली होती, अन् फोन ठेवला होता.

उरलेलं काम हातांनी आपोआप केलं. काकूंच्या फोटोवर बारा वाजून वीस मिनिटं होती, म्हणून साडेबाराची फाईल चढवताना बारा एकोणीसला थांबवलं. साडेसहाशे जण जसेच्या तसे परत आले, वाढलेल्या उंचीसकट. टाळ्या झाल्या. काकू कुंकू घेऊन धावल्या, मी त्यांना हाकललं. धामणगावच्या बाईंचा मुलगा पण यादीत परत आला होता, त्याचं नाव तेवढं काढायचं होतं. "तुमीच दाबा," त्या म्हणाल्या, "मी आता घरी लाईटचं बटन भी दाबत नाई."

पावणेसहा वाजत आले होते. मी मागच्या खोलीत गेले. ताई रिकामे डबे एकात एक घालत होती.

"ताई, तुझं सापडलं."

"बरं झालं."

"तू साडेअकराले एक लिहिलं होतं. मंग खोडलं."

ती वळली. एक भुवई वर. "तुले कसं माहीत?"

"लॉगात राह्यते."

"खोडलेलं भी?"

"खोडलेलं भी."

"मंग तुह्यं मशीन लय चाबरं हाये," ती म्हणाली, अन् हातातला डबा जरा जोरातच खाली ठेवला. "अन् तू वाचलं."

"वाचलं. चुकलं माझं. अन् सकाळी फोनवर बोलले ते त्याच्याहून चुकलं. मी हसत होते ताई, माझ्या मनात तसं काही नव्हतं."

"मले माहीत हाये व. तू काई खोटं नोयती बोलली. मी परत वाचलं, तं मले वाटलं, लोकं म्हनतीन, पाह्य, आता ह्या वयात इले स्कूटीवर नवरा पायजे." ती परत डब्यांकडं वळली. "शेवटचं तं म्या लिवाले नोयतं पायजे."

मला रडू आलं. लपवलं नाही, लपवायचा उपयोगही नव्हता, तिनं मला सातवीपासून रडताना पाहिलंय. मी म्हटलं, "ते परत टाक. पंधरा मिनिटं आहेत."

"मी परत भरनार नाई. सांगतलं होतं."

झालं. मी दाराला टेकून उभी राहिले. ताईनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं, पदरानं माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसंच, दुखेल असं.

"मी भरनार नाई," ती म्हणाली. "तू भर. मशीनले पाठ हाये तं तुले नाई का?"

मला पाठ होतं. मशीनपुढं बसून पाचही वाक्यं मी न अडखळता टाइप केली, टीव्ही, स्कूटी, सेमाडोह, सगळं. ताई खुर्चीमागं उभी राहून वाचत होती अन् मध्येच एका ठिकाणी तिनं माझा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला. शेवटच्या वाक्याशी आले तेव्हा मी थांबले अन् तिच्याकडं बघितलं. तिनं मान हलवली, राहू दे म्हणून. मी ते लिहिलं.

"अजून एक टाक," ती म्हणाली.

"सांग."

ताईनं वर्गात श्रुतलेखन घालतात त्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "थट्टा करणारा चालेल. पूर्णविराम. मात्र मी हसले म्हणजे मला ते लागले नाही, असे त्याने धरून चालू नये."

माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

ताईनं मागून माझ्या डोक्यात टपली मारली. "लिव न व," ती म्हणाली. "सहा वाजून राहिले."